आजी, तुमचें नांव कितें?

मागच्या पावसाळ्यात आई गोव्यातल्या एका रुग्णालयात आठ दिवस होती. पाळी बदलली की सिस्टर बदलायच्या, आणि औषध देण्याआधी प्रत्येकीचा प्रश्न तोच: “आजी, तुमचें नांव कितें?” तिसऱ्या दिवशी मी वैतागलो. केस पेपरवर नाव आहे, मनगटाच्या पट्टीवर आहे, मग पुन्हा पुन्हा कशाला विचारायचं? सिस्टरने काही न बोलता पलीकडच्या खाटेकडे बोट दाखवलं. तिथेही आईसारख्याच गावस आडनावाच्या बाई होत्या, तिच्याच वयाच्या. सत्तरी-दोडामार्ग या तालुक्यांकडची माणसं एका वॉर्डात जमली की यात नवल ते काय! नाईक, गावस किंवा परब अशी हाक मारली, तर चार जणी वळून बघतील.

प्रश्न कसा विचारायचा, हेही ठरलेलं असतं. “तुम्ही लक्ष्मी गावस ना?” असं विचारलं तर गुंगीत असलेला, कमी ऐकू येणारा किंवा नुसता भिडस्त माणूस कुठल्याही नावाला मान डोलावतो. म्हणून नाव रुग्णाच्याच तोंडून यावं लागतं आणि जोडीला नोंदणी क्रमांक किंवा जन्मतारीख पडताळावी लागते. खाटेचा नंबर ओळख म्हणून चालत नाही, कारण खाटा बदलतात.

पाचव्या दिवशी दुपारी एक तरुण सिस्टर आपणहून आमच्याकडे आली. “सकाळची बीपीची गोळी आजींना द्यायची राहिली. डॉक्टरांना सांगितलंय, त्यांनी तपासून आता द्यायला सांगितलीय. मी लिहूनही दिलंय.” मी तिला नको तेवढं बोललो. इथे माणसं सुरक्षित आहेत का, असंही म्हणालो. त्या बोलण्याची आज लाज वाटते, कारण माझ्या प्रश्नाचं उत्तर तीच देत होती.

१९९० च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधिकेने अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांतले आठ विभाग अभ्यासले. ज्या विभागात परिचारिकांचं एकमेकींशी जुळतं, जिथली प्रमुख चांगली आहे, तिथे औषधांच्या चुका कमी होत असणार, असा तिचा अंदाज होता. आकडे उलटेच आले. चांगल्या विभागांत चुका जास्त दिसत होत्या! मग निकाल ठाऊक नसलेल्या एका सहकाऱ्याला तिने वॉर्डांत नुसतं बसून पाहायला पाठवलं. काही विभागांत परिचारिका चुकांविषयी मोकळेपणाने बोलत, इतर ठिकाणी बोलणी खाण्याच्या भीतीने गप्प राहत, असं त्याला आढळलं. म्हणजे चांगल्या विभागांतल्या चुका उजेडात येत होत्या आणि बाकीच्या ठिकाणच्या झाकल्या जात होत्या. हा अभ्यास १९९६ साली छापून आला. मला तो या विषयातला सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘आमच्याकडे एकही चूक झाली नाही’ असं सांगणाऱ्या वॉर्डाची चिंता करायला त्याने शिकवलं.

चूक न लपवता सांगता यावी आणि तिच्यातून सगळ्यांनी शिकावं, अशा वातावरणाला ‘सुरक्षा संस्कृती’ म्हणतात. हा शब्द मुळात रुग्णालयांतला नाही. १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर तो रूढ झाला. पुढे १९९९ साली अमेरिकेतल्या एका अहवालाने तिथल्या रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसं दगावतात असा अंदाज मांडला, आणि वैद्यक जगाने हा विचार मनावर घेतला. २००४ पासून या संस्कृतीची मोजणी करणारी एक प्रश्नावली वापरात आहे. अनेक देशांतल्या उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आपसातल्या सहकार्याला परिचारिका चांगले गुण देतात, पण ‘चूक सांगितली तर ती माझ्याविरुद्ध वापरली जाणार नाही’ या भरवशाला फार कमी. मेमोची, म्हणजे वरिष्ठांनी लेखी जाब विचारण्याची, धास्ती सगळीकडे सारखीच.

या धास्तीची किंमत काय असते? पोटॅशियम क्लोराइड या औषधाचं अँप्युल, म्हणजे इंजेक्शनची छोटी बंद कुपी, घ्या. आतलं द्रव पाण्यासारखं स्वच्छ, आणि शेजारी तशाच दिसणाऱ्या इतर औषधांची अँप्युल्स. ते पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. घाईत चुकीचं अँप्युल उचललेल्या आणि टोचण्याआधी सावध झालेल्या सिस्टरने ते गुपचूप परत ठेवलं, तर उद्या दुसरी तेच उचलेल. तिने तोंड उघडलं तर ती अँप्युल्स वॉर्डाच्या कपाटातून हलवता येतात. जगभर बऱ्याच रुग्णालयांनी तसं केलंही आहे.

चुका बहुतेक वेळा निष्काळजीपणातून होत नाहीत. सिडनीच्या दोन रुग्णालयांत संशोधकांनी औषधं देणाऱ्या परिचारिकांच्या मागे राहून निरीक्षण केलं. दर व्यत्ययामागे उपचारातल्या चुका सुमारे १३ टक्क्यांनी वाढत होत्या. त्या दिवसांत “सिस्टर, सलाईन संपत आली” म्हणत मी कितीदा ट्रेच्या आड गेलो असेन! युरोपातल्या नऊ देशांत शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांवर रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा दर परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू ओढवण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत असल्याचं दिसलं. रात्रपाळीला एका सिस्टरच्या वाट्याला किती खाटा येतात हे आपल्याकडे ज्याने एकदा पाहिलंय, त्याला या आकड्याचं वजन समजेल.

आईची गोळी का चुकली, तेही नंतर कळलं. औषधांची फेरी चालू असताना तिला एक्स-रेला नेलं होतं आणि तिचे कागद तिच्याबरोबरच गेले होते. ती परत आली तोवर पाळी बदलली होती. नवीन सिस्टरने ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती, घेतली तेव्हा सकाळचं सगळं देऊन झालंय असंच सगळ्या धरून चालल्या. यात कुणा एकीकडे बोट दाखवता येत नव्हतं.

सातव्या दिवशी आईला सोनोग्राफीला नेलं. मी तिच्या खाटेशी थांबलो होतो. इन्चार्ज सिस्टर आली आणि रिकाम्या उशीवर टाचणीने एक लाल चिठ्ठी लावून गेली: ‘पेशंट बाहेर. ८ च्या गोळ्या बाकी.’