देखाव्यासाठी मंगळावरचं यंत्र: तीन पायांचं की तरंगतं?

यंदा सांगलीतल्या एखाद्या मंडळाला हलत्या देखाव्यात 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मधलं, पृथ्वीवर चालून आलेल्या मंगळवासीयांचं यंत्र करायचं असेल, तर आधी कोणतं ते ठरवा. एच. जी. वेल्सच्या 1898 च्या कादंबरीतलं आणि 1953 च्या सिनेमातलं, अशी दोन यंत्रं आहेत. दोन्हींची सरमिसळ केली की ना धड हे, ना धड ते.

कादंबरीतलं यंत्र घरांहून उंच, तीन पायांवर झपाझप चालणारं. वर पितळी टोप, खाली लवचिक हात, सांध्यांतून हिरवट धूर. त्याचा जाळून टाकणारा उष्णकिरण डोळ्यांना दिसतच नाही. लाल लेझर लावलात तर कादंबरी तिथेच सुटली. आणि पाय तिवईसारखे ताठ नकोत. तशा चित्रांवर खुद्द वेल्सने पुस्तकात टोमणा मारलाय.

सिनेमासाठी कलादिग्दर्शक अल्बर्ट नोझाकीने पायच दिसेनासे केले. पाकट माशासारखं पसरट धड, त्यावर नागाची मान. साडेतीन फुटांची तांब्याची मॉडेल्स बारीक तारांवर टांगलेली होती. सिनेमाच्या कथेत पाय आहेत, पण अदृश्य शक्तीचे. सुरुवातीला त्यांचे तीन पुसट झोत दिसतात, म्हणूनच दोन्ही यंत्रं एकच वाटतात. खरा फरक हालचालीत आहे. एकाचं अंग चालताना हलतं, दुसरं संथ सरकतं आणि फक्त मान वळवतं.

तीन पायांचं यंत्र खरंच चालवायचा हट्ट मात्र धरू नका. एक पाय उचलला की दोन टेकू उरतात, वजन जरा कलंडलं की सगळं खाली. 8 फूट उंचीला पायांच्या टोकांत 5 फूट अंतर ठेवा, तिन्ही टोकं प्लायवूडला बोल्टने आवळा, त्या प्लायवूडवर वाळूची पोती टाका. 12 व्होल्टची वायपर मोटर टोपाला लावून तो डावीउजवीकडे फिरवा आणि मागचा रोलरचा पडदा सरकवा. यंत्र चालल्यासारखं दिसतं. धुराचं मशीन टोपात नको, पायाच्या सांध्याशी हवं.

तरंगत्याला पुठ्ठ्याचं हलकं धड पुरे. टांगायचं मात्र तीन ठिकाणी, कारण दोन दोऱ्यांवर ते झोपाळ्यागत हेलकावतं. मानेचं वजन पुढे येतं, म्हणून शेपटीत नटबोल्टची पुरचुंडी ठेवून तोल साधा. मानेची मोटर धडात बसवली तर सगळं थरथरतं. ती वर बसवा आणि मान दोरीने ओढा. टांगायची तंगूस, म्हणजे नायलॉनची पारदर्शक दोरी, समोरच्या हॅलोजनमध्ये चमकते. मागे काळं कापड, तंगुशीवर काळा मार्कर आणि दिवे धडाच्या आत, एवढं केलं की भागतं. सिनेमाच्या स्वच्छ प्रिंटांतही तारा उघड्या पडल्याच आहेत, तेव्हा थोडी दिसली तरी फार मनाला लावून घेऊ नका.

आणि टांगायचं ते मंडपाच्या लोखंडी पाइपला, पत्र्याला नाही. वारा सुटला की पत्रा वाजतो आणि यंत्रही त्याच्याबरोबर नाचतं.