अहैतुकी भक्ती

अहैतुकी भक्ती : ऐहिक लाभ, परलोकातील फळ, मोक्ष किंवा लोकांतील मान यांपैकी कशाचीही अपेक्षा न ठेवता केवळ प्रेमाने व कृतज्ञतेने केलेली ईश्वराची सेवा. निष्काम भक्ती, निर्गुण भक्ती व शुद्ध भक्ती या संज्ञाही याच अर्थाने वापरल्या जातात. मात्र संप्रदायपरत्वे त्यांची व्याप्ती बदलते. भगवद्‌गीतेतील कर्मफलत्याग ही कल्पना हिच्याजवळची असली, तरी ती सर्व कर्मांना लागू आहे. येथे प्रश्न भक्त व देव यांच्या नात्यापुरता आहे. शिवाय गीतेने आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी असे चार प्रकारचे भक्त सांगून (7.16) ज्ञानी भक्ताला श्रेष्ठ मानले असले, तरी चौघांनाही ‘उदार’ म्हटले आहे. मागणाऱ्या भक्ताला गीता दाराबाहेर ठेवत नाही.

भागवत पुराणाची भूमिका अधिक कठोर आहे. तिसऱ्या स्कंधात (अध्याय 29) कपिल मुनी आपली माता देवहूती हिला भक्तीचे हेतूनुसार प्रकार सांगतात. हिंसा, दंभ किंवा मत्सर मनात धरून केलेली भक्ती तामस, विषयभोग, यश वा ऐश्वर्य यांसाठी केलेली राजस, तर कर्मबंध तुटावा किंवा कर्तव्य म्हणून केलेली सात्त्विक होय. कीर्तीची इच्छा येथे धनाच्या इच्छेच्याच रांगेत बसवली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. या तिन्हींच्या पलीकडची ती निर्गुण भक्ती. गंगेचे पाणी जसे अखंड समुद्राकडे वाहते तसे भक्ताचे मन ईश्वराकडे वाहते आणि सालोक्य (देवाच्या लोकी वास), सार्ष्टी (त्याच्यासारखे ऐश्वर्य), सामीप्य (त्याची जवळीक), सारूप्य (त्याच्यासारखे रूप) व एकत्व (त्याच्यात विलीन होणे) या मुक्ती देऊ केल्या तरी सेवेवाचून असलेली कोणतीही मुक्ती असे भक्त स्वीकारत नाहीत. सातव्या स्कंधात नृसिंह वर देऊ करतो तेव्हा, स्वामीकडून लाभाची आशा धरणारा सेवक नव्हे तर वाणी (व्यापारी) होय, असे प्रल्हाद म्हणतो (7.10.4), आणि मागायचेच तर हृदयात कामनाच उगवू नये एवढे मागतो. पुढे तो पित्याच्या उद्धाराची विनंती करतो. तिला कामना म्हणावे की करुणा, हा प्रश्न पडतो. विनंती स्वतःसाठी नसल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

कालनिश्चिती : या विचाराची मुख्य मांडणी भागवतात असल्याने त्या पुराणाच्या काळाचा वाद येथेही महत्त्वाचा ठरतो. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या आश्रयाला असलेला बोपदेव हाच भागवताचा कर्ता, असे मत एकोणिसाव्या शतकात कोलब्रुक आदी काही युरोपीय अभ्यासकांनी मांडले होते आणि देशी पंडितांतही ते प्रचलित होते. बोपदेवाने भागवतावर हरिलीला व मुक्ताफल हे ग्रंथ रचले, हे या समजुतीचे मूळ असावे. परंतु 1030 च्या सुमारास भारताविषयी लिहिणारा मुस्लिम विद्वान अल् बीरूनी याने दिलेल्या पुराणांच्या यादीत भागवताचे नाव आहे आणि बाराव्या शतकातील बंगालचा राजा बल्लाळसेन याच्या दानसागर या ग्रंथातही त्याचा उल्लेख येतो. तेव्हा तेराव्या शतकातील बोपदेवाकडे त्याचे कर्तृत्व जाऊ शकत नाही. काही विद्वान भागवताचा काळ सहाव्या शतकापर्यंत मागे नेतात. तथापि आळवारांच्या (तमिळ वैष्णव संतकवींच्या) भक्तीशी असलेले साम्य व ग्रंथातील द्रविड देशाचे उल्लेख पाहता नववे ते दहावे शतक हा अंदाज अधिक संभवनीय दिसतो. जुना अंश त्यात समाविष्ट झाला असणे अशक्य नाही. बोपदेवाचे खरे महत्त्व वेगळे आहे : मुक्ताफलात त्याने भागवतातील भक्तिविषयक श्लोक निवडून त्यांची विहित (शास्त्राने सांगितलेली) व अविहित (शास्त्राने न सांगितलेली) अशी वर्गवारी केली आणि ज्ञानेश्वरांच्या थोडे आधी हा विचार महाराष्ट्राच्या भूमीवर शास्त्ररूपाने मांडला. या ग्रंथाचा ज्ञानेश्वरांवर प्रत्यक्ष परिणाम झाला, असे मात्र ठामपणे म्हणता येत नाही.

नारदभक्तिसूत्रे भक्तीला ‘कामनारहित’ आणि क्षणाक्षणाला वाढणारी म्हणतात. चैतन्य संप्रदायात रूप गोस्वामींनी इतर अभिलाषेचा अभाव हे उत्तम भक्तीचे लक्षण ठरविले.

वारकरी परंपरा : अद्वैतात सेव्य-सेवक भेद उरत नाही, मग सेवा कोणी कोणाची करायची, ही या कल्पनेपुढील मुख्य तात्त्विक अडचण आहे. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात तिला उत्तर दिले : एकच डोंगर कोरून त्यातून देव, देऊळ व परिवार घडविता येतो, तसा भक्तीचा व्यवहार का न व्हावा? (वेरूळचे कैलास लेणे येथे वाचकाला साहजिकच आठवते.) या मताप्रमाणे भक्ती हे मोक्षाचे साधन राहत नाही, ती ज्ञानोत्तरही चालू राहते, आणि जिला गाठायचे काही उरलेले नाही तीच खऱ्या अर्थाने निर्हेतुक असू शकते. ज्ञानेश्वरीत (शके 1212) स्वकर्मालाच सर्वात्मक ईश्वराच्या पूजेची फुले म्हटले असून त्या पूजेचे प्रयोजन त्याचा ‘तोष’ एवढेच सांगितले आहे.

तुकारामांच्या अभंगांत ‘न लगे मुक्ति आणि संपदा’ हे मागणे येते आणि त्याबरोबर गर्भवासही सुखाने पत्करला जातो. नवसावर त्यांनी केलेली टीका प्रसिद्ध आहे : ‘नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती’. कृतज्ञतेचे अंगही त्यांच्याकडे ठळक आहे. संतांच्या उपकारांतून उतराई होण्यासाठी पायी जीव ठेवला तरी तो थोडाच, असे ते म्हणतात. ऋण फिटणारच नसल्याने त्या सेवेचा मोबदला मागण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. भागवताच्या रासप्रकरणात हीच बाजू उलटी दिसते. तेथे परस्परांवर प्रेम करणारे वस्तुतः स्वार्थच साधतात असे श्रीकृष्ण सांगतो, आणि गोपींचे ऋण देवांच्या आयुष्याएवढ्या काळातही आपल्याकडून फिटणार नाही, अशी कबुली देतो (10.32). एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरणारा किंवा जनाबाईबरोबर दळणारा देव या लोककथांचा आशयही बहुधा हाच असावा.

आचार : या कल्पनेचा सर्वांत स्पष्ट आचारनियम कीर्तनासंबंधी आहे. ‘जेथें कीर्तन करावें । तेथें अन्न न सेवावें ॥ बुका लावूं नये भाळा । माळ घालूं नये गळां’ या अभंगात तुकारामांनी द्रव्य घेणारा व देणारा या दोघांनाही दोषी ठरविले आहे. बुका व माळ हे मानाचे उपचार असल्याने, येथे पैशाबरोबर सत्कारही वर्ज्य केला आहे. प्रत्यक्षात कीर्तनकाराला मानधन देण्याची रीत आज सर्वत्र रूढ आहे. ती प्रवासखर्च व निर्वाह यांपुरती क्षम्य मानावी की अजिबात नको, याबद्दल संप्रदायात मतभेद आहेत. अभंगाचा शब्दार्थ दुसऱ्या पक्षाच्या बाजूने आहे. वारीचा नेमही तत्त्वतः फळासाठी नसतो, व्यवहारात मात्र नवसाची वारी अपरिचित नाही.

अन्य परंपरा : शीख धर्मात गुरू अर्जुनदेवांच्या सुखमनी साहिबमध्ये निष्काम सेवा करणाऱ्याला स्वामीची प्राप्ती होते, असे म्हटले आहे, म्हणजे तेथे कामना नसली तरी फलश्रुती आहे. सूफी परंपरेत आठव्या शतकातील बसऱ्याची राबिया हिच्या नावावरील प्रार्थनेत नरकाचे भय व स्वर्गाची आशा हे दोन्ही हेतू नाकारलेले आढळतात. तिच्याविषयीची माहिती मुख्यतः उत्तरकालीन चरित्रांतून मिळते.