पहिल्या वाढदिवसाची कॅसेट

१९६०च्या आसपास अमेरिकेत एखाद्या मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचं निदान झालं की बोट सरळ आईकडे दाखवलं जायचं. आईने जीव लावला नाही म्हणून मूल स्वतःतच मिटलं, असं मोठमोठे तज्ज्ञ सांगत. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकी नौदलातले मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा स्वमग्न होता. १९६४ साली त्यांनी पुस्तक लिहून मांडलं की याचं मूळ आईच्या मायेत नाही, मेंदूत आहे. पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने पालकांची संघटना उभी राहिली. पालक बरोबर होते, तज्ज्ञ साफ चुकले होते.

लसीमुळे स्वमग्नता येते का, हा वाद इथून पाहिला तरच नीट कळतो. अशी वागणूक मिळालेल्या आई-बापांनी 'आम्हाला जास्त कळतं' हे डॉक्टरांचं म्हणणं दुसऱ्यांदा निमूट का ऐकावं? त्यांना नुसतं अडाणी म्हणून उडवून लावणाऱ्यांचं मला म्हणूनच पटत नाही. खुद्द रिमलंडही पुढे लसींवर संशय घेणाऱ्यांत गेले.

या संशयाला वैद्यकाचा शिक्का मिळाला १९९८ मध्ये. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधले अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या १२ मुलांवरचा निबंध छापला. गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्रित लस, म्हणजे एमएमआर, टोचल्यानंतर वागणं बदललं, असं त्यातल्या ८ मुलांच्या बाबतीत सांगितलं गेलं होतं. पत्रकार ब्रायन डीअर यांनी खोदकाम केलं तेव्हा कळलं की लस कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफील्ड पैसे घेत होते. मुलांच्या नोंदींतही फेरफार निघाले. २०१० साली निबंध मागे घेतला गेला आणि वेकफील्ड यांचा परवानाही गेला.

पण वेकफील्ड लबाड निघाले म्हणून पालक खोटं बोलत होते असं होत नाही. 'सव्वा वर्षाचा होईपर्यंत छान होता, लस दिली आणि बोलायचा थांबला,' असं सांगणारी आई तिला जे दिसलं तेच सांगत असते. प्रश्न आहे तो कधी दिसलं याचा. मूल बोलू लागावं, बोट दाखवून मागावं, हाक मारली की वळावं, अशी आपली अपेक्षा असते ती नेमकी याच वयात. आपल्या सरकारी लसीकरणातही गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान येतो. दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या की मन त्यांची सांगड घालणारच.

आता त्या कॅसेटकडे येऊ. १९९४ मध्ये, म्हणजे वेकफील्ड यांच्या निबंधाच्या ४ वर्षं आधी, ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन या संशोधकांनी पालकांकडून पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती व्हिडिओ कॅसेट मागवल्या. ११ मुलं पुढे स्वमग्न ठरलेली, ११ नेहमीसारखी वाढलेली. केक, फुगे, गलका सगळीकडे सारखाच. फरक होता तो मुलांच्या नजरेत. पुढे स्वमग्न ठरलेली मुलं माणसांच्या चेहऱ्याकडे कमी बघत होती, बोट कमी दाखवत होती, नावाने हाक मारली तरी वळत नव्हती. कॅमेरा धरलेल्या बापाला तेव्हा त्यात वावगं काही दिसलं नव्हतं, आणि दिसणार तरी कसं? पुढे संशोधक सॅली ओझोनॉफ यांनी लहान बाळांवर महिनोन्‌महिने लक्ष ठेवलं. नंतर स्वमग्न ठरलेल्या बाळांचं पहिल्या वाढदिवसाआधीच चेहऱ्याकडे बघणं हळूहळू कमी होत गेलेलं दिसलं, आणि बहुतेक पालकांच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

मोठ्या आकड्यांनी हेच वेगळ्या बाजूने दाखवलं. डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. एमएमआर घेतलेल्यांत स्वमग्नतेचं प्रमाण जास्त नव्हतं. लसी खराब होऊ नयेत म्हणून घातल्या जाणाऱ्या थायमेरोसल या पाऱ्याच्या संयुगावरही ठपका होता. अमेरिकेत तान्ह्या मुलांच्या नेहमीच्या लसींतून ते २००१पर्यंत काढलं, तरी निदानं वाढतच राहिली.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो २०१५ सालचा अमेरिकी अभ्यास. थोरलं भावंड असलेली ९५,७२७ मुलं त्यात होती. त्यांतल्या १,९२९ जणांचं थोरलं भावंड स्वमग्न होतं. अशा घरांत धाकट्याला एमएमआर देण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी होतं. पोळलेल्या पालकांनी हात आखडता घेतला असणार. त्यामुळे संशोधकांना हवी ती तुलना आयती मिळाली: एकाच तऱ्हेची, जास्त जोखमीची मुलं, काहींना लस दिलेली, काहींना न दिलेली. लस घेतलेल्या धाकट्यांत स्वमग्नता जास्त आढळली नाही.