भीमाशंकरच्या घाटवाटा: जकातीपासून जंगलाच्या नियमांपर्यंत

पुण्याचे ट्रेकर रविवारी ज्या वाटांनी सह्याद्री चढतात, त्या मुळात पोटापाण्याच्या वाटा. जुन्नरहून कल्याणकडे उतरणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळातला. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, आणि जवळच जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. पायथ्याच्या खांडस गावाहून भीमाशंकरला येणारे गणेश घाट आणि शिडी घाट एवढे गाजले नाहीत, पण कोकणातली माणसं देवाला यायची ती याच वाटांनी.

वाट वापरात असली की तिची डागडुजीही होते. निखळलेला दगड बसवणं, माजलेली कारवी छाटणं, हे रोज जाणारा-येणाराच करतो. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे आली आणि मालाची ने-आण तिकडे वळली.

१९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झालं. पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतलं सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल, शेकरूचं घर, राखलं गेलं. हे फार मोलाचं काम झालं. पण झाडाला आणि प्राण्याला संरक्षण मिळालं तरी वाटेला वाली उरला नाही, असं मला वाटतं.

वाट बिघडते कशी, ते चढावरच्या एखाद्या वळणावर थांबलं की कळतं. वळसा टाळायला कुणीतरी सरळ उतरतो, मागचे त्याच्यामागे जातात. गवत मरतं. पावसात त्या घसरणीचा ओहोळ होतो, माती जाते, मुळं उघडी पडतात आणि शेवटी मूळ वाटही खचते. म्हणून नुसती माणसं मोजून भागत नाही. ठरावीक जागी दरवर्षी वाटेची रुंदी आणि खोली मोजायला हवी, त्याच कोनातून फोटो काढायला हवा, नवे शॉर्टकट टिपायला हवेत. उपाय साधे आहेत: तिरके दगड रचून पाणी बाजूला काढायचं, शॉर्टकटवर काटेरी फांद्या टाकायच्या. सिमेंटच्या पायऱ्या नकोत. पाणी त्यांच्या कडेनं नवी घळ पाडतं आणि जुन्या वाटेची खूणही पुसते.

अलीकडे वनविभाग पावसाळ्यात शिडी घाटासारख्या धोक्याच्या वाटा बंद ठेवतो. गावाला सोबत घ्यायची सोयही जुनीच आहे. राज्यानं संयुक्त वनव्यवस्थापन, म्हणजे गाव आणि वनविभागानं मिळून जंगल सांभाळणं, १९९२ मध्येच स्वीकारलं, आणि सिंहगडावर येणाऱ्यांकडून उपद्रव शुल्क घेते ती अशीच गावाची समिती. भीमाशंकरच्या महादेव कोळी वस्त्यांकडे वाटांच्या या मोजमापांची नोंदवही द्यायला ऑक्टोबर उत्तम: पाऊस ओसरलेला असतो आणि पाण्यानं कुठे काय कापलं ते ताजं दिसतं.