फवारणीत विषबाधा झाली तर: अपघात अनुदानाचा अर्ज कोणी, कसा करायचा

आंब्याला मोहोर आला की देवगडपासून राजापूरपर्यंत बागांत पंप सुरू होतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांवर इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे कीटकनाशक १० लिटर पाण्याला ३ मिलि आहे, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला ६० मिलि. प्रत्यक्षात बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओततात, वर "असू दे जरा जास्त" म्हणून आणखी एक झाकण. मग झाडाखाली वर तोंड करून फवारणाऱ्याच्या अंगावर तेच पाणी गळतं. विष कातडीतूनही शरीरात जातं.

हे जिवावर बेतलं, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. एक डोळा किंवा एक अवयव कायमचा गेला तर १ लाख. कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा यात धरलेली आहे, आत्महत्या नाही. नुसत्या औषधोपचाराचा खर्च मिळत नाही.

वय १० ते ७५ हवं. सातबारावर नाव असलेला खातेदार स्वतः पात्र, शिवाय त्याच्या आई-वडील, पती-पत्नी, मुलगा, अविवाहित मुलगी यांपैकी कोणीही एक जण पात्र. कोकणात घोडं अडतं ते इथेच. सातबारा वारलेल्या आजोबांच्या किंवा मुंबईतल्या चुलत्यांच्या नावावर, आणि पंप पुतण्याच्या हातात. पुतण्या या यादीत नाही. स्वतःची जमीन नसलेला, कराराने बाग घेणारा किंवा रोजावरचा गडीही नाही, आणि मला हे अन्यायाचं वाटतं. वारसनोंद राहिली असेल तर मोहोराआधीच तलाठ्याकडे अर्ज द्या.

अर्ज अपघातापासून ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा. सोबत सातबारा, मृत्यूचा दाखला, वारसांसाठी गाव नमुना ६-क (वारसांची नोंदवही), वयाचा पुरावा आणि पोलिसांचा पंचनामा किंवा पोलीस पाटलांचा अहवाल. विषबाधेत शवविच्छेदन आणि रासायनिक विश्लेषणाचे अहवालही लागतात. म्हणून दुःखात घाई करून परस्पर अंत्यविधी उरकू नका, आधी पोलिसांत खबर द्या. तशी नोंद नसेल तर विषबाधा अपघातानेच झाली हे दाखवणं फार कठीण जातं.

माणूस घेरी येऊन पडला, घाम-लाळ सुटली, तर अंगावरचे कपडे काढून त्याचं अंग साबणाने धुवा आणि तडक दवाखान्यात न्या. बाटली माहितीपत्रकासह बरोबर घ्या. त्यावरचा त्रिकोण लाल असेल तर विष अतितीव्र, त्याखालोखाल पिवळा, निळा, हिरवा. उतारा काय द्यायचा हे डॉक्टरांना त्या पत्रकावरून कळतं.