रजेवाचून गेलेला कर्णधार: जयपालसिंग मुंडा

झारखंड म्हटलं की बिरसा मुंडा आठवतात, नाहीतर एकदम शिबू सोरेन. या दोघांच्या मधल्या काळात वेगळ्या राज्याची मागणी ज्याने विधानसभेच्या निवडणुकीपर्यंत आणून भिडवली, तो माणूस मुळात हॉकीपटू होता.

जयपालसिंग यांचा जन्म ३ जानेवारी १९०३चा, खुंटीजवळच्या टकरा गावातला. घर पाहनांचं, म्हणजे गावच्या देवाचं करणाऱ्यांचं. रांचीच्या सेंट पॉल्स शाळेतल्या इंग्रज मुख्याध्यापकांनी या मुलाची चमक हेरली आणि त्याला थेट विलायतेला नेलं. ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात तो अर्थशास्त्र शिकला, बचावफळीत खेळून हॉकीचा ‘ब्लू’ म्हणजे विद्यापीठाचा खेळातला मान मिळवला आणि पुढे आयसीएस या इंग्रजी अमलातल्या वरिष्ठ सनदी नोकरीतही शिरला. मुंडा या आदिवासी जमातीतल्या पोराने त्या काळी याहून वर कुठे चढायचं?

मग आलं १९२८. भारताचा हॉकी संघ पहिल्यांदाच ऑलिंपिकला, अ‍ॅमस्टरडॅमला निघाला होता आणि कर्णधार होते जयपालसिंग. त्यांनी रजा मागितली. मिळाली नाही. ते तसेच गेले. नंतर प्रशिक्षणाचं एक वर्ष जास्तीचं काढा असं फर्मान आलं, तेव्हा त्यांनी आयसीएसवरच पाणी सोडलं. इकडे संघाने पाच सामन्यांत २९ गोल मारले, त्यातले १४ एकट्या ध्यानचंद यांचे, आणि अंगावर एकही घेतला नाही. पण अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ३-० असं हरवलं तेव्हा कर्णधार मैदानात नव्हता. संघाच्या व्यवस्थापनाशी खटकलं आणि ते निघून आले, असं सांगतात. त्या पहिल्या सुवर्णपदकाच्या गोष्टीत त्यांचं नाव कोपऱ्यात पडलं ते बहुधा त्यामुळेच.

पुढची दहा वर्षं तेल कंपनीतली नोकरी, आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये (आजच्या घानात) शिक्षकी, रायपूरचं राजकुमार कॉलेज, बिकानेर संस्थान अशी फिरतीत गेली. जानेवारी १९३९मध्ये ते रांचीत आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले. ऑक्सफर्डी इंग्रजी बोलणाऱ्या या साहेबाला लोकांनी ‘मरांग गोमके’ म्हटलं, म्हणजे थोर पुढारी.

संविधान सभेत १९ डिसेंबर १९४६ला बोलताना त्यांनी स्वतःची ओळखच ‘जंगली’ अशी करून दिली. आदिवासींना लोकशाही शिकवता येणार नाही, ती तुम्हीच त्यांच्याकडून शिकायला हवी, असं त्यांनी सभागृहाला ऐकवलं. हिंदी अनुवादातला ‘बनजाति’ हा शब्द त्यांना खुपायचा. ‘आदिवासी’ म्हणा, हा त्यांचा हट्ट. त्यावर बाबासाहेबांचं उत्तर कायदेपंडिताचं होतं: ‘आदिवासी’ हा ढोबळ शब्द, त्याला कायद्यात नेमका अर्थ नाही. राज्यघटनेत ‘अनुसूचित जमाती’च राहिल्या. बोलण्यात मात्र, आपल्याकडे पालघरपासून गडचिरोलीपर्यंत, जयपालसिंगांचाच शब्द चालतो.

१९५०मध्ये त्यांनी झारखंड पार्टी काढली. निशाणी कोंबडा. १९५२ला बिहार विधानसभेत या पक्षाने ३२ जागा जिंकल्या आणि तो मुख्य विरोधी पक्ष झाला. स्वतः जयपालसिंग लोकसभेत गेले आणि अखेरपर्यंत निवडून येत राहिले. पण १९५५ला राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या झारखंडची मागणी फेटाळली: या भागात आदिवासी बहुसंख्य नाहीत, पक्षालाही तिथे बहुमत नाही, आणि खाणी-कारखान्यांचा हा पट्टा गेला तर उरलेल्या बिहारचा तोल ढळेल. यातलं शेवटचं कारणच खरं वजनदार असावं.

१९६२ला जागा २०वर आल्या. पुढच्याच वर्षी जयपालसिंगांनी पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. बदल्यात बिहारचं मंत्रिपद मिळालं, तेही औटघटकेचं ठरलं. अनेक कार्यकर्त्यांना हा विश्वासघात वाटला, आणि त्यांना दोष कसा द्यावा? ज्या पक्षाशी दहा वर्षं भांडलो त्याच्याच ओसरीवर जाऊन बसायचं!

२० मार्च १९७०ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. १५ नोव्हेंबर २०००ला, बिरसांच्या जयंतीदिवशी, झारखंड राज्य झालं ते फक्त बिहारच्या जिल्ह्यांतून. जयपालसिंगांच्या नकाशातले बंगाल, ओडिशा आणि मध्य प्रदेशातले (आता छत्तीसगडमधले) लगतचे मुलूख झारखंडबाहेरच राहिले.