परतीचे दोर कापणारं जनुक

थायमसमध्ये नुकतीच पोहोचलेली पेशी अजून टी पेशी, म्हणजे रोगांशी लढणारी एक पांढरी रक्तपेशी, झालेली नसते. अस्थिमज्जेतून निघून, रक्तावाटे ती छातीच्या हाडामागच्या या ग्रंथीत येते. तेव्हा तिला इतर वाटाही मोकळ्या असतात: नैसर्गिक मारक पेशी होण्याची, भक्षक पेशी होण्याची. डीएनए तोच. त्यातली कोणती जनुकं उघडतात आणि कोणती मिटतात, यावर सगळं ठरतं.

थायमसच्या पेशी या पाहुणीच्या अंगावरच्या ‘नॉच’ नावाच्या प्रथिनाला धरतात. त्या ओढीने नॉचचा आतला तुकडा सुटतो आणि थेट केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतो. टीसीएफ-१ आणि गाटा-३ ही प्रथिनं कामाला लागतात. तरीही पेशी कित्येक दिवस विभागत राहते, पण निर्णय पक्का होत नाही. नॉचचा संदेश थांबला, तर ती अजूनही दुसऱ्या वाटेला लागू शकते.

परतीचे दोर कापतं ते बीसीएल-११-बी हे जनुक. २०१० साली संशोधकांनी उंदरांच्या टी पेशींतून ते काढून टाकलं, तर त्या चक्क नैसर्गिक मारक पेशींसारख्या वागू लागल्या. म्हणजे टी पेशी होणं जितकं जनुकं उघडण्यावर, तितकंच दुसऱ्या वाटांची जनुकं मिटलेली ठेवण्यावर अवलंबून आहे.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो २०१८ सालचा प्रयोग. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. संशोधकांनी उंदरांमध्ये एका प्रतीला पिवळा चमकणारा रंग जोडला, दुसरीला लाल. सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशी नुसत्या पिवळ्या दिसल्या, काही नुसत्या लाल. पेशी एकच, आतली प्रथिनं तीच, तरी एक प्रत जागी आणि दुसरी झोपलेली, तीही काही दिवस! कारण हे जनुक सुरुवातीला घट्ट गुंडाळून ठेवलेलं असतं आणि प्रत्येक प्रतीची गुंडाळी आपापल्या वेळी सुटते. ती सुटायला मदत करणारा डीएनएचा एक तुकडा जनुकापासून तब्बल साडेआठ लाख अक्षरं दूर आहे. तो काढला, तर प्रत उघडायला उशीर होतो, पण एकदा उघडली की ती नेहमीच्याच जोमाने चालते.

पुढे थपॉक हे प्रथिन पेशीला मदतनीस टी पेशीकडे नेतं, रन्क्स-३ मारेकरी टी पेशीकडे. पण तोवर ती टी पेशीच राहणार, हे ठरलेलं असतं. बीसीएल-११-बी बिघडलं, तर मात्र ते ठरलेलंही डळमळतं: टी पेशींच्या काही रक्तकर्करोगांत याच जनुकात दोष सापडतात.